छताच्या वरचा उजेड

वाचनालयाच्या फॉल्स सीलिंगचं ड्रॉइंग मी काढलं, तेव्हा मला नोकरीला लागून जेमतेम आठ महिने झाले होते. नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. राजारामपुरीत एका आर्किटेक्टच्या ऑफिसात मी ड्राफ्ट्समन होते. आयटीआयचा दोन वर्षांचा कोर्स झालेला, अक्षर सुबक, रेघ न थरथरणारी आणि बोलणं कमी. साहेबांना या तिन्ही गोष्टी आवडायच्या, त्यातली शेवटची सगळ्यात जास्त.

वाचनालय जुन्या पेठेतलं, संस्थानकाळातलं. काळ्या दगडाच्या दोन हात रुंद भिंती, तिन्ही बाजूंनी व्हरांडा, आणि मधे एकच लांबलचक हॉल. व्हरांड्याच्या कौलांच्या वर, हॉलच्या भिंतीत उंचावर खिडक्यांची एक रांग होती. तिच्याही वर लाकडी फळ्यांचं पांढरं छत. कमिटीला हॉल आधुनिक करायचा होता. ट्यूबलाइट, पंखे, गुळगुळीत सपाट छत.

साहेब माझ्या टेबलावर वाकले आणि पेन्सिलीनं एक खूण केली.

"अकरा फुटावर घे सीलिंग. म्हणजे पंख्याचा वारा लागेल लोकांना."

मी खुणेकडं बघत राहिले. वरच्या खिडक्या चौदा फुटांवर सुरू होत होत्या.

"साहेब, वरच्या खिडक्या झाकल्या जातील."

"जाऊ देत की. तिथनं काय येतं? धूळ आणि पारवे."

 मी टी-स्क्वेअरची पट्टी सरकवली आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत रेघ मारली. ट्रेसिंग पेपरच्या कोपऱ्यात, 'ड्रॉन बाय' लिहिलेलं असतं तिथं, माझी आद्याक्षरं घातली. पहिल्यांदाच एका खऱ्याखुऱ्या इमारतीच्या ड्रॉइंगवर माझी अक्षरं उमटत होती. आनंद झाला होता, हे लपवण्यात अर्थ नाही. पण त्या आनंदात काहीतरी टोचत होतं आणि मी ते दाबलं, हेही तितकंच खरं.

कारण तो हॉल मला चांगला ठाऊक होता.

आमचं घर शहराबाहेर गडमुडशिंगीला, वस्तीतल्या विहाराला लागून. दोन खोल्या, माणसं सहा. वडील फौंड्रीत होते. शिकण्याच्या बाबतीत ते कुणाचं ऐकायचे नाहीत. घरात अभ्यासाला जागा नाही म्हटल्यावर त्यांनीच मला या वाचनालयाचं सभासद करून दिलं. आयटीआयची दोन वर्षं मी वर्ग सुटला की तिथं जाऊन बसायचे. उत्तरेच्या बाजूचं चौथं टेबल माझं. वरून उजेड यायचा तो वहीवर सावली न पाडता यायचा. ड्रॉइंग काढताना हाताची सावली कागदावर पडली की वैताग येतो, तो तिथं कधी आला नाही. संध्याकाळी साडेपाचपर्यंत दिवा लावायची गरज पडायची नाही. एप्रिलमध्ये बाहेर डांबर वितळत असलं तरी आत पंख्याविना बसता यायचं.

तिथं एक शिपाई होते. सगळे त्यांना मामा म्हणायचे. वरच्या खिडक्यांना लाकडी झडपा होत्या, आणि प्रत्येक झडपेची दोरी कप्पीवरून खाली येऊन भिंतीतल्या खुंटीला गुंडाळलेली असायची. मामा दिवसातून चार-पाच वेळा हॉलभर फिरून कुठली दोरी ओढायचे, कुठली सैल सोडायचे. आम्ही वाचणारे मान वर करायचो नाही. आम्हाला वाटायचं, मामांचा काहीतरी चाळा आहे.

सीलिंग झालं. उद्घाटनाला मी वडिलांना घेऊन गेले. पांढरे चौकोन, त्यात ट्यूबलाइटच्या रांगा, नवे पंखे. वडील मधोमध उभे राहून बराच वेळ वर बघत होते.

"चांगलं झालंय," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "पर डोक्यावर आल्यागत वाटतंय न्हवं?"

"सवय न्हाय म्हणून," मी म्हणाले.

निघताना दारात मामा भेटले. त्यांच्यासमोर चपला ठेवायचा नवा रॅक होता.

"दोऱ्या कापल्या, ताई," ते म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती. "आता मला चपलांवर बशिवलंय."

त्यानंतर बरीच वर्षं मी त्या बाजूला फिरकले नाही. वळसा घालून जावं लागलं तरी तसंच जायचे. का, ते स्वतःला विचारलं नाही.

मग लोडशेडिंगची वर्षं आली. ऑफिसात तोवर ड्रॉइंग बोर्ड जाऊन कॉम्प्युटर आले होते. वीज गेली की आम्ही सगळे हात बांधून बसायचो. काही जण खाली चहाला जायचे, काही जण टेबलावर डोकं टेकायचे. मला बसून राहवायचं नाही. मी रस्त्यावर यायचे आणि चालत सुटायचे. कुठं जायचंय ते ठरलेलं नसायचं. अशीच एकदा मार्च महिन्यात दुपारी दोनच्या सुमाराला मी वाचनालयासमोर आले.

व्हरांड्यात, पायऱ्यांवर, आवारातल्या झाडाखाली, सगळीकडं पोरं-पोरी पुस्तकं घेऊन बसलेली. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी. एकीनं मांडीवर पाट घेतला होता आणि त्यावर वही ठेवली होती. मला वाटलं, आज हॉल बंद आहे.

"बंद न्हाय ओ," ती म्हणाली. "लाइट न्हाय. आत दिसतंय कुठं?"

मी आत गेले. भर दुपारी आत कंदिलाची वेळ झाल्यासारखं होतं. खालच्या खिडक्यांपाशी थोडा उजेड होता, तो व्हरांड्याच्या खोल छपराखालून जेवढा येईल तेवढाच. मी माझ्या जुन्या चौथ्या टेबलाशी बसले आणि तिथं पडलेलं वर्तमानपत्र उघडलं. मोठे मथळे वाचता आले. खालचा मजकूर वाचता येईना. त्यात हवा कोंडलेली, कपाळावर घाम. पांढरे चौकोन आता पिवळे झाले होते, एका कोपऱ्यात पाणी गळल्याचा मोठा डाग होता.

"कोण ते? ताई न्हवं?"

मामा. केस पूर्ण पिकलेले, पण चाल तीच.

"लई दिसांनी आलासा."

मी म्हणाले, "मामा, हे सीलिंग मी काढलंय. म्हणजे कागदावर मी काढलंय."

"मला ठावं हाय की. उद्घाटनाला आलतासा तवाच तुमच्या वडलांनी सांगितलंतं. लई कौतुकानं सांगत होते."

मी वर्तमानपत्राची घडी घालून ठेवली. मामा म्हणाले, "चला. तुमास्नी एक दाखवतो."

हॉलच्या मागच्या अंगाला एक अरुंद लाकडी जिना होता. छताची कौलं शाकारायला माणसं त्यावरून चढायची. मामा पुढं, मी मागं. वर एक बुटकं दार होतं. त्यांनी कडी काढली, दार आत ढकललं आणि बाजूला झाले.

आत लख्ख उजेड होता.

फॉल्स सीलिंग आणि जुनं लाकडी छत यांच्यामधल्या त्या जागेत, हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोन्हीकडच्या वरच्या खिडक्यांतून उजेड येत होता. काचांवर धूळ होती तरी येत होता. आणि तो सगळा पीओपीच्या चौकोनांच्या पाठीवर पडत होता. तिथं पारव्यांची पिसं होती, तारांची भेंडोळी होती, गवंड्याचा विसरलेला एक थापा होता. त्यातलं सगळं स्पष्ट दिसत होतं. मी दारात वाकून उभी होते आणि पायाखाली, दोन बोटं जाडीच्या शीटखाली, रिकामी काळोखी टेबलं होती.

"रोज येतोय," मामा म्हणाले. "त्याला कुणी सांगितलंच न्हाय की खाली बंद केलंय म्हणून."

त्या दिवसापासून मला चैन पडेना. जेवायच्या सुट्टीत मी डबा घेऊन वाचनालयात जायचे, दोन घास खायचे आणि टेप घेऊन त्या बुटक्या दारातून वर शिरायचे. अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांवर आणि शीटवर थेट भार पडू नये म्हणून फळी टाकून सरपटायचे. पहिल्यांदाच त्या खिडक्या जवळून पाहिल्या. खिडकीच्या खालची कड आतल्या बाजूला उतरती होती. दोन्ही बाजूंची भिंत आत येताना रुंद होत गेलेली, आणि तेवढ्या भागाला चुन्याचा गुळगुळीत गिलावा. बाहेरून छोटी दिसणारी खिडकी आतून जवळजवळ दुप्पट होत होती. उजेड आत शिरता शिरता पसरावा आणि मवाळ व्हावा म्हणून कुणीतरी हे केलेलं होतं. गरम हवा वर चढून झडपांतून बाहेर जायची आणि खालून व्हरांड्यातली गार हवा आत यायची. हे सगळं दोन वर्षं माझ्या डोक्यावर चाललेलं होतं आणि मी खाली बसून इमारतींचे सेक्शन, म्हणजे उभे छेद, काढायला शिकत होते.

मी त्या हॉलचा नवा सेक्शन काढला. हातानं, जुन्या बोर्डवर. वीज येण्याची वाट बघायची मला इच्छा नव्हती. साहेबांच्या समोर ठेवला.

त्यांनी चष्मा वर-खाली करत नीट पाहिला. ड्रॉइंग चांगलं असलं की ते आधी ड्रॉइंग बघायचे, चिडायचे मग.

"म्हणजे काय करायचं म्हणतीस?"

"सीलिंग काढायचं."

"आपणच घातलेलं?"

"व्हय."

"आणि कमिटीला काय सांगायचं? आमचं चुकलं?"

 मी सेक्शन त्यांच्याकडं आणखी सरकवला.

"तसंच सांगायचं, साहेब. चुकलंच की."

त्यांनी कागदाची गुंडाळी करून माझ्या हातात दिली. "तुला नोकरी नको असली तर सरळ सांग. असं वळणावळणानं कशाला?"

घरी वडिलांना सांगितलं. ते निवृत्त झाले होते, डोळ्यांचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. मला वाटलं होतं ते म्हणतील, जाऊ दे, नोकरी सांभाळ. त्यांनी विचारलं, "तू त्यास्नी पत्र लिवलंस काय?"

"कुणाला?"

"कमिटीला. सायबाला विचारायचं कशाला? तू सभासद हायस न्हवं तिथली? सभासद म्हणून लिव."

सभासदत्व मी कधी बंद केलं नव्हतं. वर्गणी वडीलच भरत आले होते, हे मला तेव्हा कळलं.

पत्र लिहिलं. दोन महिने उत्तर नाही. मी रोज पोस्टमनची वाट बघायचे, ऑफिसात साहेबांच्या नजरेला नजर द्यायचं टाळायचे, आणि वीज गेली की पाय आपोआप तिकडं वळायचे. शेवटी बोलावणं आलं. अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक होते, शिस्तीचे. बाकीचे चार जण भर दुपारी हॉलमधल्याच एका टेबलाभोवती. मी सेक्शन पसरला.

अध्यक्षांनी कोपऱ्यातली जुन्या ड्रॉइंगची प्रत पुढं ओढली आणि आद्याक्षरांवर बोट ठेवलं.

"हे कोण?"

"मी."

"आणि आता काढा म्हणताय तेही तुम्हीच?"

"व्हय सर."

"मग तेव्हा का बोलला नाहीत?"

पूर्ण आयुष्यात मला इतका सरळ प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी म्हणाले, "एकदा बोलले. साहेब नको म्हणाले. मग घाबरले. पहिली नोकरी होती."

कुणी हसलं नाही. अध्यक्षांनी मामांना आत बोलावलं आणि विचारलं, तुमचं काय मत?

"माझं मत कशाला, सर? घटकाभर लाइट बंद करा आनि हितंच बसा की."

त्यांनी खरंच बटणं बंद केली. आम्ही बसलो. अध्यक्षांनी समोरचं इतिवृत्ताचं पुस्तक डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, परत जवळ नेलं. पाच मिनिटांत ठरलं. पण अर्धंच. उत्तरेकडचा निम्मा हॉल उघडायचा, प्रयोग म्हणून. वर्षभर बघायचं, मग पुढचं.

दिवाळीच्या सुट्टीत शीट उतरवल्या. धुळीनं आम्ही सगळे पांढरे झालो होतो. शेवटची पट्टी निघेल तेव्हा काहीतरी मोठं वाटेल, असं मला वाटलं होतं. मामा मात्र कप्प्यांना तेल लावत होते आणि नवी दोरी ओवत होते, आणि माझं सगळं लक्ष एका गंजून अडकलेल्या झडपेकडं होतं.

तक्रारी आठ दिवसांत सुरू झाल्या. सकाळी साडेआठला टोकाच्या भिंतीतल्या खिडकीतून ऊन थेट टेबलावर पडायचं, वाचणाऱ्यांच्या डोळ्यांत जायचं. पारवे आले. एका मुलीच्या नोट्सवर त्यांनी घाण केली, तिनं तक्रारवहीत पानभर लिहिलं, आणि माझ्याबद्दल लिहिलं नसलं तरी ते मला उद्देशूनच आहे असं मला वाटत राहिलं. पुढं जूनमध्ये ती गंजलेली झडप बंद होईना आणि कपाटातले दोन गठ्ठे भिजले. कमिटीतले एक सदस्य मला भर रस्त्यात म्हणाले, "बाई, आमचं छत बरं होतं की ओ."

मी मामांना म्हणाले, "मामा, पुन्हा चुकलं काय माझं?"

"चुकलं न्हाय. अर्धं केलासा. छत काढलं, पर दोऱ्या कुणी ओढायच्या? मी तर अजून चपलांवरच हाय. तुमी समद्या झडपा उघड्या टाकून गेलासा."

खरं होतं. मी खिडक्या पाहिल्या होत्या, माणूस पाहिला नव्हता. पुढचे कित्येक दिवस मी वही घेऊन मामांच्या मागं फिरले. उगवतीची खिडकी अकरापर्यंत बंद ठेवायची, मग उघडायची. उन्हाळ्यात मावळतीकडच्या झडपा दुपारी तीनला पाडायच्या. पावसाळ्यात वारं घाटाकडनं, गगनबावड्याच्या बाजूनं येतं, त्या अंगाच्या फक्त एक वीत उघड्या. थंडीत सगळं उलटं. पारवे येऊ नयेत म्हणून पूर्वी बाहेरून जाळी होती, ती कुणीतरी काढून नेली होती, ती परत बसवायला लावली. मामा बोलता बोलता मधेच थांबायचे, छताकडं बघायचे आणि म्हणायचे, "असं सांगता येत न्हाय ओ. हात आपोआप जातो." तरी मी लिहीत गेले.

मामा दुसऱ्या वर्षी निवृत्त झाले. नव्या शिपायाला माझी वही दिली. तो कधी दोऱ्या ओढायचा, कधी विसरायचा. हळूहळू वाचणारेच उठून ओढायला लागले, आणि वारा हवा की नको यावरून भांडायलाही लागले. लोडशेडिंगच्या दिवसांत उघड्या बाजूची टेबलं धरायला पोरं सकाळी सातला दारात उभी असायची. दुसरी बाजू काळोखीच राहिली. प्रयोगाचं वर्ष उलटलं तेव्हा कमिटी बदलली होती. मग कुणीतरी मोठा इन्व्हर्टर देणगीत दिला आणि विषयच संपला. मी आणखी दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. अजूनही तो हॉल तसाच आहे, मधोमध एक कड, एका बाजूला उंच पांढरं लाकडी छत आणि दुसऱ्या बाजूला पिवळे चौकोन. नवखे लोक विचारतात, काम अर्धवट का राहिलं? मला त्याचं नीट उत्तर अजून देता येत नाही.

साहेबांनी मला काढलं नाही. वर्षभर नुसती बंगल्यांची बाथरूम काढायला दिली. मग एके दिवशी माझ्या टेबलाशी आले, उभ्या उभ्याच म्हणाले, "गगनबावड्याला एक जुनं विश्रामगृह आहे. दुरुस्तीला आलंय. जाऊन ये. आणि काय करायचं ते बघून ठरव. इथं बसून रेघ मारू नकोस."

मी एसटीनं गेले. धुकं इतकं होतं की इमारत दहा पावलांवर येईपर्यंत दिसली नाही. भिंती काळ्या, शेवाळलेल्या, खिडक्या बारीक आणि छप्पर अगदी खाली उतरलेलं. आत पाऊल टाकताच मी मनातल्या मनात खिडक्या मोठ्या करायला लागले. इथं एक झरोका, तिथं काचेची कौलं. हात पेन्सिलीकडं गेलाही.

तिथं राहणारी, स्वयंपाक आणि झाडलोट करणारी एक बाई चूल फुंकत होती. मी तिला विचारलं, "बाई, आत अंधार वाटत न्हाय?"

तिनं फुंकणी बाजूला ठेवली.

"उजेडाचं काय घेऊन बसलासा, पावणं? हितं चार महिनं ओल सुकत न्हाय. ह्या बारक्या खिडक्या हायत म्हणून अंथरूण तरी कोरडं ऱ्हातंय. मोठ्या केलासा तर पाऊस घरात."

मी पेन्सिल पिशवीत टाकली. बाहेर धुकं व्हरांड्यात शिरत होतं. तिला म्हणाले, "मला दोन दिवस इथं राहायचंय. तुम्ही सकाळपासून काय काय उघडता, काय काय लावता, ते बघायचंय."

"ते काय बगायचं?" ती म्हणाली, आणि पाट माझ्याकडं सरकवला. "बसा. आधी च्या घ्या."